रोज काढा, पण काढलेले ताडूनही पाहा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत ‘सहा पायऱ्यांत चित्र’ या धर्तीची सदरे सतत येत असतात. पहिल्या चौकटीत एक वर्तुळ, दुसरीत त्याला चिकटलेला लंबगोल, तिसरीत चार जाडजूड पाय आणि सहाव्या चौकटीत सोंड उंचावलेला, सुरकुत्यांसकट तयार हत्ती. पाचव्या आणि सहाव्या चौकटीच्या मध्ये नेमके काय घडले, हे सांगायला जागा उरलेली नसते. खाली एक ओळ मात्र हमखास असते: रोज एक चित्र काढा, सरावाने हात बसेल. चित्रकला शिकवणे हेच आमचे काम असल्याने या सल्ल्याबद्दल लिहावेसे वाटले. सरावाने हात बसतो, हे खरे. पण तो चुकीच्या वळणावरही तितकाच घट्ट बसतो, आणि एकदा बसलेले वळण मोडणे जड जाते.

रोज काढणे हे निम्मे काम झाले. काढलेले चित्र समोरच्या वस्तूशी ताडून पाहणे, कुठे किती चुकले ते ठरवणे आणि त्याच कागदावर ते दुरुस्त करणे, हे उरलेले निम्मे. स्केचिंगची सवय मोडली की दोष आळसाच्या माथी मारला जातो. बहुतेक वेळा आळसाचा काही संबंध नसतो. महिनाभर रोज काढूनही चित्र पुढे सरकत नाही, का सरकत नाही ते समजत नाही, आणि वही कपाटात जाते.

चित्र चुकते ते हात वाईट असल्यामुळे नव्हे. डोळ्याला दिसते त्याऐवजी डोक्याला माहीत असते ते कागदावर उतरते. खुर्चीचे चारही पाय सारख्या लांबीचे असतात हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून मागचे पायही पुढच्यांइतकेच खाली आणून टेकवले जातात. डोळ्याला मात्र ते बरेच वर संपलेले दिसत असतात. टेबल ऐसपैस असते म्हणून त्याचा पृष्ठभाग वरून पाहिल्यासारखा उघडा पडतो. पेला सपाट जागेवर उभा असतो म्हणून त्याचा तळ सरळ रेघेने बंद होतो, आणि त्याच पेल्याचे तोंड मात्र गोल! पायऱ्यांच्या सदराची अडचण इथेच आहे. ते डोक्यातल्या ठरीव आकारांच्या साठ्यात आणखी एका हत्तीची भर घालते. समोर दिसणारी वस्तू कागदावर कशी आणायची, हे त्यातून कळत नाही.

ज्याला हा फरक पटत नाही त्याने एक प्रयोग करावा. खिडकीच्या बंद काचेसमोर हातभर अंतरावर बसावे, एक डोळा मिटावा, हनुवटी कशावर तरी टेकवून डोके अजिबात हलू देऊ नये आणि पांढऱ्या फळ्यावर लिहायच्या मार्करने बाहेरच्या इमारतीच्या कडा काचेवरच गिरवाव्यात. ज्या कडा आडव्या आहेत अशी आपली खात्री असते त्या काचेवर चक्क तिरक्या उमटतात, आणि तो तिरकेपणा अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघतो. युक्ती जुनीच आहे. जर्मन चित्रकार अल्ब्रेक्त ड्यूररने १५२५ मध्ये छापलेल्या मापनावरच्या ग्रंथात, उभ्या काचेतून एका डोळ्याने पाहत समोर बसलेल्या माणसाचे चित्र काढणारा चित्रकार लाकडी ठशातून दाखवला आहे. पुढे जी मोजमापे सांगतो आहोत ती सगळी याच काचेवर उभी आहेत: आपल्या आणि वस्तूच्या मध्ये एक काच आहे असे धरायचे आणि पेन्सिल त्या काचेला सपाट चिकटलेली ठेवायची.

साधी लाकडी खुर्ची घ्या. खुर्ची मुद्दाम सुचवतो आहोत, कारण तिच्यात कोन, प्रमाण, पोकळ्या सगळे आहे आणि ती हलत नाही. बसण्याचे अंतर वस्तूच्या उंचीच्या निदान अडीच-तीन पट असावे. त्याहून जवळ बसले की पूर्ण खुर्ची पाहायला मान वरखाली करावी लागते, आणि मान हलली की दृष्टिकोन बदलून वरचा भाग एका जागेवरून व खालचा दुसऱ्या जागेवरून पाहिल्यासारखा होतो.

आता माप. हात कोपरातून पूर्ण ताठ करावा, एक डोळा मिटावा आणि पेन्सिल नजरेला काटकोनात धरावी. पेन्सिलीचे वरचे टोक खुर्चीच्या पाठीच्या वरच्या कडेला लावून अंगठ्याचे नख बैठकीच्या मागच्या कडेपर्यंत सरकवले, की पाठीची उंची हातात आली. हे एक माप धरून बाकी सगळे त्याच्या पटीत बोलायचे: खुर्चीची रुंदी या मापाच्या किती, पुढचा पाय किती, बैठकीची दिसणारी खोली किती. पेन्सिलीवरची लांबी कागदावर जशीच्या तशी उतरवायची नसते. उतरवायची असते ती पट. इथे तीन गोष्टी बिघडतात. कोपर किंचित वाकते आणि प्रत्येक मापाला वेगळाच गज लागतो. मागे जाणारी कड मोजताना पेन्सिलही तिच्यासोबत आत झुकते, म्हणजे ती काच सोडते, आणि माप खोटे होते. तिसरी चूक अशी की सगळी मोजणी आधी होते, मग चित्र काढले जाते आणि नंतर कोणीच मोजत नाही. मोजणीचा खरा उपयोग चार रेघा पडल्यावर सुरू होतो.

सर्वांत मोठी फसवणूक बैठकीच्या खोलीत होते. आपणही खुर्चीवर बसलेले असू आणि समोरची खुर्ची अडीच मीटरवर, सरळ आपल्याकडे तोंड करून असेल, तर बैठकीची दिसणारी खोली तिच्या दिसणाऱ्या रुंदीच्या साधारण पाव भरते. नवशिक्याच्या कागदावर ती अर्धी असते, कधी पाऊण. बैठक चौरस आहे हे त्याला माहीत असते ना! ही एक चूक झाली की मागचे पाय वर ढकलले जातात, पाठ त्यांच्याबरोबर वर जाते आणि खुर्ची पुढे सांडल्यासारखी दिसते. मग पाठ चुकली असे वाटून पाठच खोडली जाते. दुखणे बैठकीत असते, औषध पाठीला.

कोनांसाठी घड्याळाचा काटा पुरतो. पेन्सिल त्या कडेवर बसवायची, बारापासून किती मिनिटे कलली ते मनाशी म्हणायचे आणि मनगट न फिरवता हात कागदावर आणायचा. कड कलली असेल तर कुठल्या बाजूला, हा प्रश्न आधी. किती, हा नंतर. दिशाच उलटी काढलेली चित्रे आम्ही नेहमी पाहतो. डोळ्यांच्या पातळीखालच्या आडव्या कडा दूर जाताना वर चढतात आणि पातळीच्या वर असलेल्या खाली उतरतात, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) हाती येते. उरलेल्या निम्म्यात लोक एकच चूक करतात: दोन्ही व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे दूर जाणाऱ्या समांतर कडा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात ते बिंदू, कागदाच्या आतच बसवतात. त्यामुळे पुढचा कोपरा अणकुचीदार होऊन अंगावर येतो. साध्या चित्रात हे बिंदू बहुधा कागदाच्या बरेच बाहेर असतात. नुसता कोन ताडून घेतला की त्यांची आठवणही काढावी लागत नाही.

उभ्या रेषेसाठी ओळंबा. दोऱ्याला नट किंवा किल्ली बांधली की झाले. दोरा पाठीच्या उजव्या कोपऱ्यावरून सोडला तर तो खाली कशावरून जातो? बैठकीच्या कडेच्या कितव्या भागावरून? पुढच्या पायाच्या आतून की बाहेरून? अशा तीन-चार जोड्या जुळल्या की चित्र आपोआप उभे राहते. पोकळ्यांचे तर फार कमी लोक ऐकतात. पाय आणि आडव्या दांड्यांच्या मध्ये जी रिकामी जागा दिसते तिला डोक्यात नाव नसते, ठरीव आकारही नसतो. त्यामुळे ती नुसता एक वेडावाकडा चौकोन म्हणून प्रामाणिकपणे काढली जाते. ती पोकळी बरोबर आली तर तिच्या कडेचा पायही बरोबरच आला.

दुरुस्तीचा एक नियम आमच्या वर्गात सक्तीचा आहे. आधी बरोबर रेघ काढायची, नंतर चुकीची खोडायची. उलटे केले, म्हणजे आधी खोडले, की मोकळ्या जागेत हात पुन्हा तीच रेघ ओढतो. कारण चूक कुठे होती याची खूणच पुसली गेलेली असते. रोजच्या सरावाच्या वहीत तर खोडूच नये. दुरुस्ती लाल किंवा निळ्या बॉलपेनने वरूनच करावी. आठवड्याने पाने उलटली की लाल रेघा बोलू लागतात. कोणाच्या सगळ्या दुरुस्त्या उंची वाढवणाऱ्या असतात, कोणाच्या सगळ्या उजवीकडे सरकणाऱ्या. आपल्या हाताची खोड कळायला याहून चांगला रस्ता आम्हाला माहीत नाही.

शेवटच्या तपासणीला मोबाइल कामाला येतो, पण जपून. कॅमेरा नेमका आपल्या डोळ्याच्या जागी धरावा आणि वस्तू चौकटीच्या मध्यभागी ठेवावी. पुढचे-मागचे प्रमाण पाहण्याच्या जागेवर ठरते, भिंगावर नव्हे. फोटो हातभर पुढे सरकून काढला तर तो वेगळ्या खुर्चीचा फोटो झाला असेच समजा. शिवाय मोबाइलचे भिंग रुंद कोनाचे असल्याने चौकटीच्या कडेला आलेली वस्तू ताणली जाते. फोटो नसेल तर चित्र आरशात पाहावे किंवा उलटे धरावे; सवयीचे डोळे जरा बाजूला होतात आणि कललेले चित्र लगेच कळते.

आणखी एक कारण असे आहे की ते फारसे कोणी सांगत नाही. कागद टेबलावर आडवा ठेवून काढलेले चित्र लांबोडके होते. कागदाची वरची कड डोळ्यापासून दूर असते आणि तिरक्या नजरेने पाहिल्यामुळे आखूड दिसते, म्हणून हात नकळत वरचा भाग ताणून काढतो. बसल्या जागी चित्र ठीक दिसते. भिंतीवर टेकवले की डोके मोठे आणि मान लांब निघते. बोर्डाची खालची कड मांडीवर आणि मधला भाग टेबलाच्या कडेवर टेकवून तो साधारण ४५ अंशांत उभा करावा, म्हणजे नजर कागदावर काटकोनात पडते. पैसे न लागता होणारी ही सर्वांत मोठी सुधारणा असावी.

साहित्याबद्दल थोडक्यात, कारण यावर गरजेपेक्षा जास्त बोलले जाते. एचबी, २बी आणि ४बी (‘बी’चा आकडा वाढतो तसे शिसे मऊ व गडद) अशा तीन पेन्सिली, एक प्लॅस्टिकचा आणि एक मळता येणारा खोडरबर, आणि ए५ आकाराची १०० ते १२० जीएसएम (म्हणजे दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाच्या) कागदाची वही. रोजच्या रेघांच्या सरावाला ७०-८० जीएसएमचे झेरॉक्सचे सुटे कागद उत्तम. त्यांवर शेडिंग मात्र करू नये, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर ग्राफाइट धरत नाही आणि दोनदा खोडले की कागद फुलतो. बारा किंवा चोवीस पेन्सिलींचा डबा भेट द्यायला बरा दिसतो, शिकायला त्याचा उपयोग नाही. टोक ब्लेडने काढून शिसे सेंटिमीटरभर उघडे ठेवले तर त्याच पेन्सिलीची बाजू शेडिंगला वापरता येते.

रेघेबद्दल मात्र सविस्तर बोलले पाहिजे. नवशिक्याची रेघ केसाळ असते, म्हणजे एकाच कडेवर पंधरा-वीस तुकडे ओढलेले. मनगट टेकवून काढले की पेन्सिल त्याभोवती छोट्या कमानीतच फिरते. पाच-सहा सेंटिमीटरांहून लांब सरळ रेघ मनगटाला झेपत नाही. ती कोपरातून किंवा खांद्यातून आली पाहिजे. दुसरे कारण नजरेचे. नजर पेन्सिलीच्या टोकावर असेल तर रेघ थरथरते. ती जिथे पोहोचायचे तिथे हवी. सराव असा: १०-१२ सेंटिमीटर अंतरावर दोन ठिपके द्यावेत, कागदाला न टेकवता पेन्सिल दोन-तीनदा त्या वाटेने फिरवावी आणि मग दुसऱ्या ठिपक्याकडे पाहत एकाच दमात रेघ ओढावी. चुकली तर चुकली. तिच्यावर गिरवायचे नाही. पुढचे दोन ठिपके घ्यायचे. पेन्सिल लिहिताना धरतो त्यापेक्षा चार-पाच सेंटिमीटर मागे धरली की हे आपसूक सोपे जाते.

पेला, बाटली, बादली यांची तोंडे म्हणजे लंबगोल, आणि लंबगोलात चूक झाली की बाकी सगळे नीट असूनही वस्तू खोटी वाटते. डोळ्याच्या पातळीवर असलेले वर्तुळ नुसती आडवी रेघ दिसते. पातळीपासून जितके खाली जावे तितके ते उघडत जाते. म्हणून टेबलावरच्या सरळसोट पेल्याचा तळ त्याच्या तोंडापेक्षा जास्त गोल दिसला पाहिजे. बहुतेक चित्रांत नेमके उलटे असते. दोन्ही लंबगोल पूर्ण काढावेत, तळाची मागची बाजू दिसत नसली तरी. बाजूंना टोके येता कामा नयेत. तिथे वळण घट्ट असते, पण ते वळणच असते. वस्तू कललेली असेल तर लंबगोलाचा लांब व्यास वस्तूच्या मध्यरेषेला काटकोनात राहतो. बाटली तिरकी आणि तिचे तोंड जमिनीला समांतर, अशी चित्रे पाहून पाहून आम्ही थकलो आहोत. तपासायचे असल्यास कागद आडवा फिरवा. डावी-उजवी बाजू सारखी नसेल तर एका नजरेत कळते.

शेडिंगला घाई होते. आकार चुकलेला असताना त्यावर छाया चढवली की चूक झाकली जाते असा समज आहे. ती उलट ठळक होते. प्रकाश एकाच बाजूने हवा. खोलीतले दोन दिवे चालू असतील तर एका पेल्याच्या दोन सावल्या पडतात आणि कोणती खरी ते ठरत नाही. डोळे बारीक करून पाहिले की बारकावे विरतात आणि उजेडाचा भाग व छायेचा भाग असे दोनच गट उरतात. आधी या दोन गटांची सीमा काढावी. छायेतला कुठलाही भाग उजेडातल्या कुठल्याही भागापेक्षा उजळ होऊ द्यायचा नाही, ही शिस्त पाळली की चेंडू गोल होतो. ती मोडते परावर्तित उजेडापाशी: छायेच्या काठाशी टेबलावरून उसळलेला जो मंद उजेड दिसतो तो नवशिक्याला फार आवडतो, म्हणून तो पांढरा सोडतो आणि चेंडू धातूचा होतो. दुसरी चूक म्हणजे गडद भागाला घाबरणे. एचबी कितीही दाबली तरी काळी होत नाही. शिशात ग्राफाइटबरोबर माती असते. ही दोन्ही मिसळून भट्टीत भाजायची रीत फ्रान्सच्या निकोला-जाक काँतेने १७९५ मध्ये पेटंट केली, आणि माती जितकी जास्त तितके शिसे कडक व फिके. दाबल्याने फक्त कागदावर खाच पडते आणि ग्राफाइट चकाकते. काळे हवे तिथे ४बी घ्यावी. बोटाने घासू नये. बोटाचे तेल कागदात उतरते आणि तो डाग नंतर खोडरबरालाही दाद देत नाही. हाताखाली एक कोरा कागद ठेवला आणि उजव्या हाताने काढणाऱ्याने वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली, तर पान मळत नाही.

चेहऱ्याबद्दल एकच गोष्ट, कारण ती नव्वद टक्के चेहरे वाचवेल असे आम्हाला वाटते. समोरून पाहिल्यास डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. सगळे लक्ष डोळे-नाक-ओठांकडे असते आणि कपाळावर पाहण्यासारखे काही नसते, म्हणून डोळे वर सरकतात आणि कवटी कापली जाते. पेन्सिलीने हनुवटी ते डोळे आणि डोळे ते माथा मोजून पाहा, लगेच पटेल.

हलणारी माणसे काढायची तर खुर्चीची पद्धत चालत नाही. बसस्टॉपवर उभा असलेला माणूस मिनिटभरही तसाच राहत नाही. पण तो दोन-तीन ठरावीक ढबींत पुन:पुन्हा येतो. म्हणून एका पानावर चार-पाच आकृत्या एकदम सुरू कराव्यात. तो जी ढब घेईल तिच्यावर दोन रेघा, ती मोडली की दुसरी. आधी मान ते टाचेपर्यंतचा एकच बाक, मग खांद्यांचा उतार आणि कमरेचा उतार. एका पायावर भार असेल तर हे दोन उतार बहुधा उलट दिशांना जातात, आणि गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा भाराच्या पावलापाशी येतो. तो तिथे आला नाही तर आकृती पडते. बोटे, बटणे, चेहरा यांना हात लावायचा नाही. लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत चित्रकाराला याच कामासाठी छोटी वही जवळ बाळगायला सांगितले आहे, तीही खोडता येऊ नये म्हणून रंगाचा हात दिलेल्या कागदाची.

आता सवयीकडे. एकवीस दिवसांत सवय लागते, हे वाक्य सगळीकडे फिरते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी खाणे, पिणे आणि व्यायाम यांच्या साध्या सवयी लावून घेणाऱ्या ९६ लोकांवर केलेल्या पाहणीत (ती २०१० मध्ये छापून आली) गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात आढळले. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला म्हणून स्वत:ला नालायक ठरवायचे कारण नाही.

रोज पंधरा मिनिटे पुरतात. तीन मिनिटे रेघा आणि लंबगोल, दहा मिनिटे वस्तू, दोन मिनिटे लाल पेन. ही शेवटची दोन मिनिटे कापून मधली दहा वाढवण्याचा मोह प्रत्येकाला होतो, तेवढा आवरावा. आठवड्यातून एकदा सलग तासभर बसून शेडिंगसह एक चित्र पुरे करावे, नाहीतर सगळीच चित्रे अर्धवट सोडायचे वळण लागते. वेळ घड्याळाशी बांधण्यापेक्षा रोज होणाऱ्या एखाद्या कामाशी बांधलेली टिकते, आणि पेन्सिलीला आदल्या दिवशीच टोक काढून ठेवले तर सुरुवातीचा अडसर जातो.

सर्वांत जास्त वेळ खातो तो प्रश्न म्हणजे आज काय काढू. तो रोज विचारूच नये. एका आठवड्याला एकच वस्तू घ्यावी. कात्री घ्या: सोमवारी बंद, मंगळवारी उघडी, बुधवारी टोक आपल्याकडे करून, गुरुवारी फक्त कड्यांमधल्या पोकळ्या, शुक्रवारी न पाहता आठवणीने, आणि शनिवारी पुन्हा समोर ठेवून. शुक्रवारच्या चित्रात जे सापडत नाही तेच आठवडाभर नीट पाहिलेले नसते. रोज नवी वस्तू घेणाऱ्याला हे कधीच कळत नाही, कारण त्याची कालची चूक आज तपासायला समोर नसते.

वही महाग नको. महागड्या वहीचे पहिले पान बिघडेल या धास्तीने वही कोरीच राहते. तसे होत असेल तर चौथ्या-पाचव्या पानापासून सुरू करावे. पाने फाडू नयेत; तारीख, लागलेला वेळ आणि बसायची जागा कोपऱ्यात लिहावी. इंग्रज चित्रकार टर्नरच्या मागे सुमारे ३०० स्केचबुके राहिली, आणि त्यांतली कितीतरी पाने दोन-चार ओझरत्या रेघांचीच आहेत. वही लोकांना दाखवण्यासाठी नसते. रोजचे पान समाजमाध्यमांवर टाकायच्या आव्हानांबद्दल आमचे मत म्हणूनच बरे नाही: तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून माणूस जमणाऱ्याच गोष्टी काढू लागतो.

टॅब्लेटवर काढायला हरकत नाही, पण तिथे रेघ मागे घेण्याची सोय हातखंडा होऊन बसते आणि एकच कड वीस वेळा ओढली जाते. सरावाच्या पंधरा मिनिटांपुरती ती सोय बंद. नामवंतांच्या रेखाटनांची नक्कल जरूर करावी. कुठे रेघ सोडून दिली, कुठे दाबली, हे त्यातून कळते. फोटोवर कागद ठेवून गिरवण्याने मात्र डोळाही शिकत नाही आणि हातही.

आपल्याला विनंती एवढीच की अशा सदरात कधीतरी हत्तीऐवजी एक बिघडलेली खुर्ची छापावी: नवशिक्याने काढलेली, शेजारी त्याच जागेवरून घेतलेला फोटो आणि चित्रावर लाल रेघांनी केलेल्या दुरुस्त्या. पुढच्या आठवड्यात पेला, त्याच्या पुढे चपलांचा जोड. जागा तेवढीच लागेल.

आणि मुलांच्या पालकांसाठी थोडे. मुलाने वही दाखवली की आपण ‘छान’ म्हणतो किंवा ‘हे कोण?’ असे विचारतो. त्यापेक्षा मूल जिथे बसले होते तिथे स्वत: बसावे, एक डोळा मिटावा आणि जुळलेली एक व न जुळलेली एक अशा दोनच जागांवर बोट ठेवावे. पेन्सिल मात्र हातात घेऊ नये. यासाठी वस्तू आणि बसायची जागा दोन्ही जशीच्या तशी राहायला हवीत. चित्र सुरू करण्यापूर्वीच वस्तूच्या तळाभोवती आणि खुर्चीच्या चारही पायांशी खडूने खुणा करून ठेवाव्यात.

आपले,
चित्रकलेचे वर्ग घेणारे काही शिक्षक